कलाउपापा: एक इंजिन, नऊ माणसं

हवाई म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते वायकीकी, फुलांच्या माळा आणि हनिमून पॅकेज. पण याच हवाईत मोलोकाई नावाचं एक शांत बेट आहे आणि त्याच्या उत्तरेला समुद्रात घुसलेला जमिनीचा एक चपटा तुकडा, कलाउपापा. पाठीमागे सरळसोट उंच कडे, बाकी तिन्ही बाजूंनी पॅसिफिक. म्हणजे निसर्गानेच बांधलेला तुरुंग! म्हणूनच १८६६ पासून कुष्ठरुग्णांना इथे आणून सोडलं गेलं. ही सक्ती संपली थेट १९६९ मध्ये. त्यांची सेवा करता करता फादर डेमियन यांनाच हा आजार जडला आणि १८८९ मध्ये ते गेले. बाबा आमट्यांचं आनंदवन पाहिलेल्याला ही जागा परकी वाटायची नाही.

इथे मोटार रस्ता नाही. माणसांची ये-जा व्हायची ती कड्यावरच्या २६ वळणांच्या पायवाटेने, नाहीतर छोट्या विमानाने.

११ डिसेंबर २०१३ ला असंच एक सेसना कॅरॅव्हॅन होनोलुलूकडे निघालं. आत पायलट धरून नऊ जण. उड्डाणानंतर थोड्याच वेळात एकुलतं एक इंजिन बंद! टर्बाइनची पाती तुटली होती. धावपट्टीवर परतण्याइतकी उंची नव्हती. पायलटने विमान समुद्रावर टेकवलं आणि नऊच्या नऊ जण जिवंत बाहेर पडले. एकजण तर पोहत किनाऱ्याला लागला. मात्र, मदत येईपर्यंत लाटांवर तरंगताना हवाईच्या आरोग्य संचालक लोरेटा फडी यांच्या हृदयाची लय बिघडली आणि त्या गेल्या. या वसाहतीचा कारभार त्यांच्याच खात्याकडे होता. त्या भेटीहून परतत होत्या.

चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. उड्डाणाआधी प्रवाशांना सुरक्षेची पुरेशी माहिती दिलीच गेली नव्हती. तासाभराचाही प्रवास नाही, मग कशाला, असं आपल्यालाही वाटतंच ना?

तेव्हा बॉस, पुढच्या ट्रिपला विमान छोटं असो की मोठं, दोन मिनिटं मोबाइल खाली ठेवा. लाइफ जॅकेट कुठे आहे, ते बघा. आपल्या मापाचं आहे ना, हे विचारा. आणि ते फुगवायचं विमानातून बाहेर पडल्यावरच, आत नाही! खिडकीतून दिसणारा समुद्र कुठे पळून जात नाही.