पीटीचे दोनशे रुपये

पगाराची स्लिप तुम्ही कधी नीट वाचलीय का? पीएफ, टीडीएस वगैरे दांडग्या आकड्यांच्या खाली एक बारकी ओळ असते. पीटी २००. फेब्रुवारीत ३००. झाले वर्षाचे २५००. हा आपला व्यवसाय कर. आयकर दिल्लीला जातो, हा मात्र राज्य सरकारचा.

२०२३ च्या बजेटमध्ये राज्याने महिलांसाठी या कराची माफी महिना १०,००० रुपये पगारावरून २५,००० वर नेली. तेव्हा हापिसात जोरदार चर्चा झाली. एकाचं म्हणणं, कमी पगारवाल्यांच्या हातात पैसा आला की ते लगेच खर्च करतात, मग मागणी वाढते, मग नोकऱ्या वाढतात. ऐकायला एकदम बरोब्बर वाटतं. पण आपण पडलो इंजिनियर, आकडे घातल्याशिवाय चैन पडत नाही.

वर्षाचे २५०० म्हणजे महिन्याचे साधारण २०८. कामाचे २६ दिवस धरले तर दिवसाला आठ रुपये. डोंबिवली स्टेशनबाहेर यात कटिंगसुद्धा मिळत नाही! बरं, दोनशे जणींनी हे सगळे पैसे एकाच पोळीभाजी केंद्रात खर्च केले असं धरून चालू. महिन्याला साधारण ४१,६०० रुपये. गॅस, पीठ, भाजी, भाडं वजा केलं तर पोळ्या लाटायला कदाचित एखादी बाई जास्तीची ठेवता येईल. दोनशे जणींमागे एक. तेही सगळ्या एकाच दुकानात गेल्या तर. आणि त्या पोळ्या लाटणाऱ्या बाईला पगाराची स्लिपच नसते, त्यामुळे तिला माफीचा फायदा शून्य.

मालकाचं काय? हा कर कापला जातो कामगाराच्या पगारातून. तो माफ झाला म्हणून मालकाला माणूस स्वस्त पडत नाही. मग तो नवीन माणूस कशाला घेईल?

आमची वहिनी कल्याणला एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, पगार १८,०००. तिला ठाण्यात वागळे इस्टेटला २४,००० ची नोकरी चालून आली होती. नाही घेतली. पाळणाघर सातला बंद होतं आणि संध्याकाळी ठाण्याहून निघून सातच्या आत घरी पोचायची खात्री कोण देणार? मी पीटीचा विषय काढला तर म्हणाली, "भावोजी, ते दोनशे सरकारलाच ठेवू दे. त्यापेक्षा पाळणाघर आठपर्यंत उघडं ठेवा आणि लोकलमध्ये पाय ठेवायला जागा द्या, उद्या जॉईन होते."

मग माफी चुकीची का? अजिबात नाही. महिना लाखभर कमावणारा २५०० भरतो, म्हणजे ०.२ टक्के. सोसायटीचा १२,००० वाला वॉचमनही पगारातून तेवढेच २५०० देतो, म्हणजे पावणेदोन टक्के. (पुरुषांची माफी फक्त ७,५०० पर्यंत.) वरची २५०० ची मर्यादा घटनेतच आहे, १९८८ पासून तीच. ही माफी न्यायाची गोष्ट आहे, आणि ती वॉचमनलाही मिळायला हवी. पण तिला रोजगारनिर्मिती म्हणू नये.

गंमत म्हणजे हा कर १९७५ साली आला तोच मुळी रोजगारासाठी. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागेंच्या रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता. शहरातल्या पगारदाराकडून हा कर घ्यायचा, सरकारने त्यात तेवढीच भर घालायची आणि खेड्यात पाझर तलाव, बंधारे, रस्ते यांची कामं काढायची. मागेल त्याला काम. केंद्राने असाच कायदा केला तो थेट २००५ मध्ये.

म्हणजे या दोनशे रुपयांतून नोकऱ्या निर्माण झाल्या होत्या बरं का, पण ते भरून. एकेकट्याच्या खिशात त्यांचे आठ रुपये रोज होतात. एकत्र आले की तलाव होतो, आणि पाळणाघरही होऊ शकेल. तेव्हा माझे दोनशे जरूर कापा. फक्त डोंबिवली-कल्याणात आठपर्यंत चालणारी चार पाळणाघरं काढा, बास. आमची वहिनी पहिला नंबर लावेल.