दादा आणि अंधारातला गेम

ग्रुपवर रामबागेतल्या घरांच्या, गणेशोत्सवाच्या, आजीच्या हातच्या पुरणपोळीच्या आठवणी येतात. माझी आठवण व्हिडिओ गेमची आहे. हसू नका, पूर्ण वाचा.

2006 चा हिवाळा. मी नववीत, दादा कॉलेजात. ट्यूशन घेऊन साठवलेल्या पैशांतून त्याने सेकंडहँड प्लेस्टेशन 2 आणला होता. डिस्क कुठून आणली ते विचारू नका. गेम होता रेसिडेंट ईव्हिल 4. लिऑन नावाचा अमेरिकन एजंट राष्ट्राध्यक्षांच्या पळवलेल्या मुलीला शोधत स्पेनमधल्या एका खेड्यात पोचतो आणि अख्खं गाव कुऱ्हाडी घेऊन त्याच्या अंगावर येतं. त्याला पाहिलं की गावकरी ‘फोरास्तेरो’ म्हणून ओरडतात, म्हणजे परका. (त्यांची स्पॅनिश स्पेनची नाहीच, मेक्सिकन वळणाची आहे, हे मला फार पुढे कळलं. पुण्यात आपल्या इंदुरी मराठीला जे तोंड बघायला मिळतं, तेच स्पेनवाले हा गेम खेळताना करत असतील.)

लिऑन एक तर चालतो, नाहीतर बंदूक रोखतो. दोन्ही एकदम जमत नाही. कॅमेरा त्याच्या खांद्यामागे, म्हणून पाठीमागून कोण येतंय ते दिसत नाही. गोळ्या मोजक्या. सेव्ह करायला टाइपरायटर गाठावा लागतो आणि तेव्हा आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा काही भरवसा नसायचा. खरी भीती ती होती.

नाताळच्या सुट्टीत पुण्याचा मामेभाऊ आला. त्याच्या काकांनी अमेरिकेहून गेमक्यूब पाठवला होता, त्यामुळे हा गेम त्याने मूळ कन्सोलवर खेळलेला. आमचा पडदा बघून म्हणाला, “अरे, हे काय आहे? हे खरं नाही. सगळं मातकट झालंय.”

त्याचं चूक नव्हतं. कॅपकॉमने हा गेम आधी फक्त गेमक्यूबसाठीच जाहीर केला होता. जानेवारी 2005 मध्ये अमेरिकेत तो आला आणि ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन 2 वर. आमच्या मशीनची ताकद कमी, म्हणून प्रकाशाचे खेळ कापले, झाडं विरळ झाली. गेमक्यूबवर मधले प्रसंग तिथल्या तिथे घडतात. आमच्याकडे त्यांचे आधीच बनवलेले व्हिडिओ लावले होते. त्यामुळे लिऑनला नवा पोशाख घाला, व्हिडिओ सुरू झाला की जुनंच जाकीट. पण आम्हाला एडा वाँगचे पाच प्रकरणांचे वेगळे कथानक मिळालं होतं, जे त्याच्याकडे नव्हतं. मी त्यावरून खूप भांडलो. आज विचाराल तरी सांगेन, दिसायला गेमक्यूबचा उजवा, पैसे वसूल करायला आमचा. एडाचा भाग खेळल्याशिवाय ती गोष्ट अर्धीच राहते.

पण मला सांगायचंय ते दादाचं.

भाऊ ‘मातकट’ म्हणाला तसा दादाचा चेहरा उजळला. “मी तेच म्हणतोय ना, यात काही दिसतच नाही!” तो टीव्हीचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून खेळायचा. इतका की रात्रीचं रान राखेसारखं पांढरट व्हायचं आणि गेमची मजाच जायची. तरी डावी-उजवीकडून येणारा माणूस त्याला अगदी अंगाला भिडेपर्यंत कळायचा नाही. गावातल्या पहिल्या मारामारीत मी धावत घरात शिरून वरची शॉटगन उचलायचो. दादा पाठ भिंतीला लावून उभा राहायचा आणि फक्त समोरून येतील त्यांना मारायचा. मी ओरडायचो, “अबे लेफ्टला बघ ना! आंधळा आहेस का?” किती वेळा बोललो असेन हे, मोजलेलं नाही.

तेव्हापासून आमच्यात ठरूनच गेलं की पोर्ट वाईट आहे. अंधारात दिसत नाही, कारण पोर्ट वाईट.

त्याच जानेवारीत आम्ही रात्री सराफ्यात गराडू खायला गेलो. ठेल्यांच्या झगमगाटातून बाहेर पडून गल्लीत वळलो आणि दादा उभ्या स्कूटरवर जाऊन आदळला. मधोमध उभी होती स्कूटर. मी हसलो. तो हसला नाही. “इथे लाईट होते का?” त्याने विचारलं. होते. मंद होते, पण होते.

मला वाटतं त्या रात्री त्याला कळलं. घरी त्याने काहीच सांगितलं नाही. डॉक्टरकडे गेला तो दोन वर्षांनी, आईने पाठीच लागून पाठवला तेव्हा. रेटिनायटिस पिग्मेंटोसा. आधी अंधारातली नजर जाते, मग कडांची, आणि हळूहळू नळीतून बघितल्यासारखं उरतं. अनुवांशिक आजार आहे. माझीही तपासणी झाली, मला नाही. घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि तो दादाच्या समोर टाकला, हे मला अजून टोचतं.

हा गेम तेव्हापासून इतक्या कन्सोलवर निघालाय की मोजदाद सोडलीय. निन्टेंडोच्या स्विचवर 2019 मध्ये आला, तो मी मागच्या महिन्यात घेतला. चित्र स्वच्छ आहे, हातात धरून खेळता येतो. तक्रार एकच, ‘वी’ वर हात हलवून नेम धरायची सोय होती, ती यात नाही. पण खरं सांगू? मी घेतला तो आमच्या जुन्या आवृत्तीचा निकाल लावायला. यूट्यूबवर प्लेस्टेशन 2 ची तीच दृश्यं लावली आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. मातकट आहे, मान्य. पण दिसतं. डावीकडचा माणूसही चांगला दिसतो.

रविवारी दादाकडे गेलो होतो. त्याला आता समोरचा एक छोटा गोल तेवढा दिसतो, तोही दिवसा. टीव्हीला जोडून गेम सुरू केला. तो सोफ्यावर, मी खाली सतरंजीवर, पूर्वीसारखा. मी घराकडे धावलो तशी बाहेर यांत्रिक करवत सुरू झाली. “उजवीकडून येऊन राहिलाय,” दादा म्हणाला. मी वळलो, होता.

“ब्राइटनेस किती ठेवलाय?” त्याने विचारलं.

“नॉर्मल.”

“राहू दे तसाच,” तो म्हणाला. “आता भिंतीला लाग. चर्चची घंटा होईपर्यंत हलू नको.”

मी भिंतीला लागलो.