पाँडिचेरीची वही

11 ऑगस्ट, गाडीत

रायपूरजवळच्या सिलतऱ्याहून स्टेशनपर्यंत रिक्षा 350. गाडी दीड तास उशिरा. जेवण 160, पाणी 40. भात कच्चा होता, मी तो निम्मा टाकला. मी एकटीच निघाले आहे. स्पंज आयर्नची भट्टी मधेच थांबवता येत नाही, त्यामुळे यांना सुट्टी नाही. सकाळी निघताना अंगण झाडलं, तर घमेलंभर काळी धूळ निघाली. रोजच निघते. मला चार दिवस फक्त शांतता हवी आहे. स्पॅनिशची ऑनलाइन शिकवणी मात्र बंद ठेवणार नाही. मुलींची परीक्षा जवळ आली आहे.

12 ऑगस्ट

चेन्नईला चार तास उशिरा पोचले. किनाऱ्याच्या रस्त्याने बस, बसायला जागा मिळाली, पण खिडकी अडकलेली. शिकवणी बुडाली. एकूण खर्च 710. पाय सुजलेत. उद्या लिहीन.

13 ऑगस्ट

खोली कालव्याच्या अलीकडे, तमिळ भागात मिळाली. कालव्यापलीकडच्या फ्रेंच भागात राहणं परवडत नाही. भाडं दीडपट सांगितलं, कारण 15 तारखेला श्रीअरविंदांचा जन्मदिवस आणि दर्शनाला देशभरातून माणसं येतात. फोनवर बोलताना भाड्याचा हा आकडा सांगितला नव्हता. मन फार खट्टू झालं.

कॉफी 20 रुपये. पितळी पेला-वाटीत खालीवर करून फेसाळ करून देतात. दिवसभरात तीन प्यायले.

संध्याकाळी सातला शिकवणी. नेट दोनदा तुटलं. सिलतऱ्याच्या बाजूने ट्रेलरचे भोंगे इतके, की दीपा (इथे मुलींची नावं बदलली आहेत) गच्चीवरून जिन्यात जाऊन बसली. आजचा धडा 'आवडण्या'चा. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे इथे हमखास अडखळतात. आपल्याला अडखळायचं कारणच नाही. मला चहा आवडतो: मे गुस्ता एल ते. मला आंबे आवडतात: मे गुस्तान लोस मांगोस. क्रियापद चहाच्या नि आंब्याच्या मागे जातं, माझ्या मागे नाही. दीपा मराठी, तिला लगेच कळलं. केवरा छत्तीसगढी. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "मैडम, ये तो हमारा मोला बने लागथे है!" मला छान वाटतं, तेच ते. एवढ्यासाठी मी नऊ वर्षं शिकवते आहे.

14 ऑगस्ट

खोली 1,800. नाश्ता 70. रिक्षा 120, मागितले होते 250. नेट तीनदा तुटलं.

दुपारी द्युमा रस्त्यावर. रस्ता गव्हर्नर द्युमाच्या नावाचा. 1741 मध्ये आमच्या नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी चंदासाहेबाकडून त्रिचनापल्ली घेतली आणि ह्या द्युमाकडे खंडणी मागितली, शिवाय आश्रयाला आलेली चंदासाहेबाची बायकामुलंही. द्युमाने दोन्ही नाकारलं. पुढे त्याने पाठवलेली फ्रेंच मद्यं रघूजींच्या राणीला इतकी आवडली, की प्रकरण निवळलं, अशी गोष्ट सांगतात. त्याच भोसल्यांच्या मागून आमच्यासारखी घरं रायपुरात आली. पणजोबांच्या वाड्याच्या कथा ऐकत वाढले, पण ह्या कथेचं एक टोक ह्या पिवळ्या भिंतींपाशी आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. निळ्या पाटीवर फ्रेंच आणि तमिळ, दोन्ही भाषांत नाव. मी हात लावून पाहिली. तापलेली होती.

15 ऑगस्ट

आश्रमाबाहेरची रांग कोपऱ्यावरून वळून पुढच्या गल्लीत गेलेली. बंगाली, ओडिया, गुजराती, आणि पुढे दोन माणसं सोडून नगरच्या एक आजी. इंग्रजांपासून सुटून श्रीअरविंद 1910 मध्ये इथे आले, कारण इथे इंग्रजांचा कायदा चालत नव्हता. चाळीस वर्षं राहिले. अडीच तास रांगेत, आत जेमतेम दीड मिनिट. एवढी माणसं आणि पावलांखेरीज आवाज नाही. बाहेर आल्यावर आजींनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. काही बोलल्या नाहीत.

शिकवणीत केवराने विचारलं, "पाँडिचेरी भी आज ही आज़ाद हुआ?" नाही म्हटलं. उद्या सांगते.

16 ऑगस्ट

आज इथे सरकारी सुट्टी. कालची गर्दी पांगली. सकाळी किनाऱ्यावर झाडूवाल्या बायका आणि कावळे. हवी होती ती शांतता ही.

गांधींच्या पुतळ्यापासून थोड्या अंतरावर बाकावर एक गृहस्थ बसले होते, सत्तरीच्या पुढचे, मांडीवर घडी केलेलं तमिळ वर्तमानपत्र. त्यांचं इंग्रजी थोडं, माझं फ्रेंच थोडं. मी अडले की स्पॅनिश शब्द टाकायचे, त्यांतले निम्मे त्यांना कळायचे. सुट्टी कशाची, विचारलं. ते सावकाश सांगत गेले. 18 ऑक्टोबर 1954 ला किळूर गावात मतदान झालं. 178 लोकप्रतिनिधींपैकी 170 जण भारतात यायच्या बाजूने. 1 नोव्हेंबरला कारभार भारताकडे आला. पण फ्रान्सच्या संसदेची मंजुरी येऊन कागदोपत्री हस्तांतर व्हायला 16 ऑगस्ट 1962 उजाडलं. मधली आठ वर्षं कारभार भारताचा आणि कायद्याने भूमी फ्रान्सची. इथे जन्मलेल्यांना त्यानंतर सहा महिन्यांची मुदत होती. फ्रेंच राहायचं तर लेखी कळवायचं.

"बाबांनी लिहून दिलं," ते म्हणाले. "काकांनी नाही." तेव्हा हे अकरा वर्षांचे. घर एकच, विहीर एकच. काका माडीवर भारतीय, बाबा खाली फ्रेंच. काकू रोज संध्याकाळी खाली येऊन आईबरोबर भाजी निवडायच्या. पुढे हे फ्रान्सला गेले, पोस्टात नोकरी केली, निवृत्त होऊन परतले. काकांचा मुलगा त्याच घरात माडीवर आहे. "दुपारचं जेवण अजून त्याच्याकडे," असं म्हणून ते उठले, कारण जेवायची वेळ झाली होती. चालताना उजवा पाय ओढत होते. मी वळणापर्यंत पाहत राहिले.

स्पॅनिशमध्ये 'असणे' दोन आहेत. सेर म्हणजे मूळचं असणं, एस्तार म्हणजे सध्याचं, असलेल्या जागेचं, अवस्थेचं. मी सगळी वर्षं हे सफरचंदाच्या उदाहरणाने शिकवलं: हिरव्या जातीचं सफरचंद आणि अजून कच्चं असलेलं सफरचंद. आज सफरचंद ठेवून दिलं. मुलींना 1954 ते 1962 सांगितलं आणि वाक्य दिलं: एरा फ्रान्सेसा, पेरो एस्ताबा एन मानोस दे ला इंदिया. फ्रेंच होती, पण भारताच्या हाती होती. पलीकडे एवढी शांतता की मला वाटलं फोन बंद पडला. मग केवराने वाक्य स्वतःहून दोनदा म्हटलं. घरचा अभ्यास: स्वतःविषयी एक वाक्य सेरच्या 'सोय'ने, एक एस्तारच्या 'एस्तोय'ने.

17 ऑगस्ट, परतीची गाडी

गाडी वेळेवर. एकूण खर्च 11,460, ठरवल्यापेक्षा दोन हजार जास्त, ते सगळे खोलीत गेले.

मुलींचा अभ्यास फोनवर आला. केवरा: सोय दे सिलतरा, एस्तोय कान्सादा. सिलतऱ्याची आहे, थकले आहे. तिचे वडील धरमकाट्यावर रात्रपाळी करतात, ती डबा घेऊन जाते. बरोबर.

दीपा: सोय मराठी, एस्तोय एन सिलतरा. व्याकरण चोख. पण ही मुलगी सिलतऱ्यातच जन्मली, आजोबाही तिथेच वारले. मी तिला फोन लावला. म्हटलं, "सोय दे सिलतरा का नाही लिहिलंस?"

थोडं थांबून ती म्हणाली, "काकू, तेही लिहू?"

"लिही."

मागे ट्रेलरचा भोंगा वाजला, पुढचं ऐकू आलं नाही.