एक जहाज, दोन कप्तान

दुबईहून निघालो तेव्हा आमच्या जहाजाचा कप्तान एक होता आणि आठवडाभराने दुबईलाच उतरलो तेव्हा दुसरा. मधल्या काळात ना वादळ आले, ना कुठे भांडण झाले, ना कप्तानसाहेबांची तब्येत बिघडली. तरीही दोहा बंदर सोडल्यावर जेवणाच्या टेबलांवर हाच विषय होता. आपल्याकडची कुटुंबे आता आखातातल्या मुलाबाळांकडे गेली की चार-आठ दिवसांची अशी समुद्रसफर करून येऊ लागली आहेत. म्हणून सफरीच्या वर्णनाबरोबर या कप्तानबदलाचेही चार शब्द लिहावेसे वाटतात.

आम्ही नवरा-बायको, मुलगा, सून आणि दोन नातवंडे असे सहाजण दुबईच्या रशीद बंदरातून चढलो. याच बंदरात ‘क्वीन एलिझाबेथ 2’ हे जुने ब्रिटिश जहाज कायमचे नांगरून ठेवले आहे. 1969 पासून जवळजवळ चाळीस वर्षे ते जगभर फिरले, 2008 मध्ये दुबईला आले आणि आता त्याचे हॉटेल झाले आहे. या जहाजाचे पहिले कप्तान विल्यम वॉरविक. पुढे त्यांचे चिरंजीव रोनाल्ड वॉरविकही याच जहाजाचे कप्तान झाले. जहाज तेच, चालवणारे बदलत गेले. हे बंदर पाहताना आम्हाला त्याचे काही विशेष वाटले नव्हते. आपल्या स्वतःच्या सफरीत तसे झाले, तेव्हा मात्र कान टवकारले.

रोज दुपारी कप्तान ध्वनिक्षेपकावरून वेग, हवामान आणि पुढच्या बंदराची माहिती देत. केबिनमधल्या टीव्हीवरही जहाज नकाशावर कुठे आहे आणि कोणत्या दिशेला तोंड करून चालले आहे ते दिसत असे. आम्हाला त्याचा मोठाच उपयोग झाला. आखातातून किब्ला पश्चिमेकडे, थोडा दक्षिणेला. जहाज वळले की केबिन वळते, म्हणून प्रत्येक नमाजआधी नातू टीव्ही पाहून जानमाज कसा टाकायचा ते सांगायचा. जेवणात शाकाहारी आणि मासळीचे पदार्थ भरपूर होते. हलालबद्दल स्वयंपाकघराच्या प्रमुखाला विचारले, तर तो स्वतः येऊन कोणता पदार्थ घ्यावा आणि कोणता टाळावा ते दाखवून गेला. विचारायला संकोच करू नये, एवढेच सांगणे.

दोह्यानंतर दुपारच्या निवेदनाचा आवाज निराळा लागला. नाव निराळे, बोलण्याची ढब निराळी. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी लगेच काळजीने विचारले, “कॅप्टनला काय झालं?” आम्हाला वाढणारा मुलगा दापोली तालुक्यातला निघाला होता आणि पहिल्याच दिवशी बोलीवरून आमची ओळख पटली होती. तो हसून म्हणाला, “चाचा, घाबरायचं काही नाही. मोठ्या साहेबांचं साइन ऑफ झालं. त्यांचे महिने भरले. रिलीव्हर दोह्याला चढला.”

साइन ऑन, साइन ऑफ, रिलीव्हर हे शब्द कोकणातल्या घरांना नवे नाहीत. ज्यांच्या घरचा माणूस ‘बोटीवर’ आहे, त्या घरातली म्हातारी माणसेही ते सहज बोलतात. पण हे शब्द कप्तानालाही लागू असतात, हे आमच्या कधी मनात आले नव्हते. कप्तान म्हणजे जहाजाचा मालक, तो जहाज सोडून कुठे जाणार, असाच आपला समज. प्रत्यक्षात तोही करारावरचा नोकर असतो. प्रवासी जहाजांवर कप्तान साधारण तीन-चार महिने काम करतो आणि मग दोन-तीन महिने घरी जातो. एकेका जहाजासाठी असे दोन किंवा अधिक कप्तान आलटून पालटून ठेवलेले असतात.

मग बदल सफरीच्या मध्येच का? याचे उत्तर आपल्या हिशेबात दडलेले आहे. आमची सफर दुबई ते दुबई होती. पण त्याच जहाजावर दोह्याला चढून दोह्यालाच उतरणारे प्रवासी होते, तसेच अबुधाबीचेही होते. आमच्यासाठी जो मध्य, तो दुसऱ्या कोणासाठी आरंभ. जहाजाला स्वतःला आरंभ-शेवट नसतोच, त्याचे फेरे चालूच असतात. मग जिथे मोठा विमानतळ जवळ आहे, दिवसभराचा मुक्काम आहे, तिथे अदलाबदल करणे सोयीचे. जगप्रदक्षिणेच्या सफरी तर शंभर दिवसांहून लांब असतात. कप्तानाचा करार तेवढ्यात संपला तर वाटेतल्या बंदरात दुसरा येतो.

आजारपण, घरातले दुःख, कंपनीच्या दुसऱ्या जहाजावर नेमणूक, प्रमाणपत्राचे नूतनीकरण ही इतर कारणे. समुद्रावर काम करणाऱ्याचा वैद्यकीय दाखला जास्तीत जास्त दोन वर्षे चालतो, तर पात्रतेचे प्रमाणपत्र दर पाच वर्षांनी नवे करून घ्यावे लागते. भर समुद्रात कप्तान अचानक आजारी पडला, तर त्याच्या हाताखालचा ‘स्टाफ कॅप्टन’ सूत्रे हाती घेतो. त्याच्याकडेही बहुधा कप्तानाचे प्रमाणपत्र असते. जहाज एक क्षणही बेवारस राहत नाही. बंदरात शिरताना छोट्या बोटीतून जो माणूस शिडीने वर चढतो, तो मात्र नवा कप्तान नव्हे. तो त्या बंदराचा पायलट. वाट तो दाखवतो, पण जबाबदारी कप्तानाचीच राहते.

सूत्रे देण्याचीही रीत आहे. जुना आणि नवा कप्तान एकत्र बसतात. यंत्रात काय बिघाड आहे, पुढचा मार्ग कसा, हवा कशी, कोणते दाखले कुठे ठेवले आहेत, तिजोरीत किती रोकड आहे, हे सारे लेखी दिले-घेतले जाते. जहाजाच्या अधिकृत नोंदवहीत वेळ घालून नोंद होते आणि दोघांच्या सह्या होतात. त्या सहीनंतर पहिला कप्तान त्याच जहाजावर साधा प्रवासी. नवा कप्तान आपले स्थायी आदेश लिहून देतो आणि अधिकारी ते वाचून खाली सही करतात. रात्री मला कोणत्या प्रसंगी उठवायचे, हेही त्यात लिहिलेले असते.

या देण्या-घेण्यात एक छोटी वस्तू राहून गेली तर काय होते, याचे उदाहरण ‘टायटॅनिक’चे आहे. एप्रिल 1912 मध्ये ते जहाज साउथॅम्प्टनहून निघण्याआधी वरच्या अधिकाऱ्यांत ऐनवेळी फेरबदल झाला आणि डेव्हिड ब्लेअर या अधिकाऱ्याला उतरावे लागले. टेहळणीच्या जागेशी संबंधित कपाटाची किल्ली त्यांच्या खिशातच राहिली. टेहळणीवाल्यांना दुर्बिणी मिळाल्या नाहीत. फ्रेडरिक फ्लीट या टेहळ्याने नंतर चौकशीत सांगितले की दुर्बीण असती तर हिमनग थोडा आधी दिसला असता. किल्ली असती तर जहाज वाचले असते की नाही यावर आजही वाद आहे. पण सूत्रे देताना किल्ल्या मोजून का देतात, हे कोणालाही कळेल.

कप्तानबदल प्रवाशांच्या सुरक्षेसाठीच असतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे जहाजावरच्या माणसाला चोवीस तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती मिळाली पाहिजे. थकलेला माणूस चुकतो, हे समुद्राने माणसाला फार महाग शिकवले आहे.

दोह्यात आम्ही दिवसभर फिरलो. जुन्या बंदरातून बाहेर पडले की आय. एम. पेई यांनी बांधलेले इस्लामी कलेचे संग्रहालय पाण्यात उभे दिसते. किनाऱ्याच्या रस्त्यावर लाकडी गलबते नांगरलेली असतात आणि शिंपल्यात मोती असलेले कारंजे आहे. तेल निघण्याआधी हा मुलुख मोत्यांवर जगत होता. उन्हाळ्याचे चार महिने पाणबुडे समुद्रावर असत. त्यांच्या गलबताच्या कप्तानाला म्हणत ‘नोखदा’. आपल्या किनाऱ्यावरचा ‘नाखवा’ आणि हा ‘नोखदा’ एकाच फारसी ‘नाखुदा’चे, म्हणजे नावेच्या धन्याचे, वंशज. त्या गलबतांवर रिलीव्हर नव्हता. पाणबुडे नोखद्याकडून उचल घेत, कर्ज फिटत नसे आणि बापाचे कर्ज मुलाच्या माथी येई. गलबते परतायच्या दिवशी बायका-मुले किनाऱ्यावर जमत.

हे मोती मुंबईच्या बाजारात येत. कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनी एकोणिसाव्या शतकात बनवून घेतलेला मोत्यांचा गालिचा आहे. मदिनेच्या रौझा-ए-मुबारकसाठी तो बनवला होता, असे सांगितले जाते. लाखो मोती त्यावर जडवले आहेत. मराठी घराण्याच्या महाराजांचा हा गालिचा पाहताना ऊर भरून आला, आणि ते मोती कोणी कोणत्या उपाशी दिवसांत काढले असतील हेही मनात आले.

रात्री दापोलीच्या त्या मुलाला विचारले, “कप्तानाचे तीन महिने, तर तुझे किती?” तो म्हणाला, “आमचे आठ. सहावा चालू आहे. घरी पोचेन तेव्हा पोरगी चालायला लागली असेल.” तक्रारीचा सूर नव्हता. जहाज एकच, पण त्यावर कॅलेंडरे दोन.

रिलीव्हर न येणे म्हणजे काय, हे आमच्या घराने 2020 मध्ये पाहिले आहे. आमचा भाचा मालवाहू जहाजावर सहा महिन्यांच्या करारावर गेला होता. कोविडमुळे बंदरे बंद झाली. त्या वर्षअखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते. आमचा भाचा तेराव्या महिन्यात घरी आला. त्याच्या निकाहाची तारीख दोनदा पुढे गेली. आमची आपा रोज फजरनंतर एकच दुआ मागायची, “याअल्लाह, त्याच्या जागी कोणीतरी पाठव.” आणि लगेच म्हणायची, “ज्याला पाठवशील त्यालाही सलामत ठेव.”

2013 पासून अमलात असलेला आणि भारताने 2015 मध्ये मान्य केलेला सागरी कामगार करार यासाठीच आहे. माणसाला सलग बारा महिने जहाजावर ठेवता येत नाही आणि करार संपल्यावर त्याला मालकाच्या खर्चाने घरी पोचवायचे असते. हा हक्क कप्तानाइतकाच वाढप्याचाही आहे.

म्हणून ज्या घरचा मुलगा बोटीवर जायला निघाला असेल, त्या घराने पगाराच्या आकड्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. भरती करणाऱ्या एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, आणि त्याचा क्रमांक काय? करार किती महिन्यांचा आहे आणि तो मुलाच्या हातात लेखी दिला आहे का? मुदत संपल्यावर रिलीव्हर कोणत्या बंदरात आणि परतीचे तिकीट कोणाचे? नोकरी लावतो म्हणून पैसे मागणाऱ्याच्या दारातून तर सरळ परत फिरावे. कराराची एक प्रत घरच्या कपाटातही असू द्यावी, आणि ती कुठे ठेवली आहे हे आईला ठाऊक असावे.