नाव ठेवणे, नावे ठेवणे

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत अंतर एका मात्रेचे आहे. पहिल्यात बारसे आहे, दुसऱ्यात निंदा. खरे तर निंदेला अनेकवचनाचीही गरज पडत नाही. 'नाव ठेवायला जागा नाही' असे आपण म्हणतो तेव्हा एकवचनातही तोच अर्थ डोकावतो. भाषेने या दोन क्रिया इतक्या जवळ ठेवल्या याला काही कारण असावे. आईबाप मुलाचे नाव ठेवतात. त्या नावाला काय चिकटलेले आहे आणि पुढे काय चिकटेल, ते लोक ठरवतात.

हा विचार माझ्यापुरता व्यवहाराचा झाला तो धाकट्या भावाला मुलगी झाली तेव्हा. मी आत्या, म्हणजे कानात नाव सांगण्याचा मान माझा. नाव मात्र भावजयीने आधीच ठरवले होते : आनंदी. उच्चाराला सोपे, अर्थाला स्वच्छ, आणि आजच्या चालीच्या अगम्य संस्कृत नावांच्या गर्दीत कानाला निवांत वाटणारे. विरोध आला तो अण्णांकडून. अण्णा म्हणजे आमचे थोरले काका. हयात शाळेत इतिहास शिकवण्यात गेलेली. ते म्हणाले, "नाव गोड आहे गं, पण 'ध'चा 'मा' आपल्या घरात कशाला? वर्गात तो धडा आला की पोरं वळून तिच्याकडे बघतील. मी बघितलंय."

हे अंधश्रद्धेचे बोलणे नव्हते, अनुभवाचे होते. म्हणूनच ते सहज झटकून टाकता येईना.

'ध'चा 'मा' हा मराठीतला बहुधा सर्वांत प्रसिद्ध पाठभेद. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. नारायणरावांना 'धरावे' असा हुकूम होता आणि रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई यांनी त्याचे 'मारावे' केले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ती टिकली बखरींच्या आणि ऐकीव परंपरेच्या बळावर, आणि तिला चेहरा दिला तो रंगभूमीने व पडद्याने. खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' १९०९चे, प्रभातचा 'रामशास्त्री' १९४४चा. आपल्या मनातली आनंदीबाई दप्तरांतून आलेली नाही. ती पायदिव्यांच्या उजेडात उभी असलेली आहे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने हा भेद ध्यानात ठेवायला हवा. एखाद्या संहितेतले एक अक्षर कोणी बदलले हे ठरवताना आपण हस्तलिखित मागतो. इथे मात्र अक्षराच्या गोष्टीवरच निकाल देऊन मोकळे झालो.

अण्णांच्या बोलण्यानंतर घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग भावजय भिंतीवरच्या तसबिरीकडे पाहत हळूच म्हणाली, "आणि आजोबांचं नाव?"

आमच्या आजोबांचे नाव रघुनाथ.

अण्णा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "रघुनाथ हे रामाचं नाव आहे." हे उत्तर मला अजूनही विचार करण्याजोगे वाटते, कारण ते पळवाटीचे नव्हते. देवाच्या नावाला मूळ मालक असतो. इतिहासातला माणूस त्या नावाचा फार तर भाडेकरू; त्याने घर काळे केले तरी मालकी बदलत नाही. पण एवढ्याने प्रश्न मिटत नाही. त्या खुनाबद्दल रामशास्त्री प्रभुणे यांनी दोष ठेवला तो रघुनाथरावांवर. देहान्त प्रायश्चित्त सांगितले तेही त्यांनाच. न्यायाधीशाचा निकाल एकावर आणि म्हणीचा निकाल दुसरीवर, अशी ही वाटणी आहे. राघोबादादांच्या पदरी अटकेची कीर्तीही जमा आहे. त्यांच्या पत्नीच्या खात्यावर आपण एका अक्षराखेरीज काहीही शिल्लक ठेवलेले नाही. कैकेयी, मंथरा, पूतना, त्राटिका या पौराणिक नावांची आपण सामान्यनामे केली, तशीच 'आनंदीबाई'ही केली. आपल्याकडे पुरुषांची नावे मळत नाहीत असे नाही. रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती गेला, त्याचा ठपका परंपरेने ज्यांच्यावर ठेवला ते सूर्याजी पिसाळ याच पंक्तीत आहेत. पण तिथे आपण आडनावासकट बोलतो, कारण त्याआधी १६७० मध्ये सिंहगडावर लढलेले सूर्याजी मालुसरे आपल्याला वेगळे राखायचे असतात. आनंदीच्या बाबतीत असा विवेक करण्याची तसदी म्हणीने घेतलेली नाही.

आणि तरीही नाव मेले नाही. नारायणरावांच्या खुनानंतर शंभर वर्षांनी, १८७४च्या सुमारास, गोपाळराव जोशी यांनी आपल्या नऊ वर्षांच्या पत्नीचे यमुना हे नाव बदलून आनंदी ठेवले. १८८६ मध्ये ती अमेरिकेत एम.डी. झाली. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा तिचेही नाव आनंदी ठेवण्यात आले. 'माझे पुराण' लिहिणाऱ्या बाया कर्वे त्या याच. कर्व्यांच्या पहिल्या पत्नीचा मुलगा म्हणजे पुढे 'समाजस्वास्थ्य' चालवणारे रघुनाथ. शनिवारवाड्याच्या गावात राहणाऱ्या एकाच कुटुंबात एक आनंदी आणि एक रघुनाथ! त्या विवाहाला लोकांनी नावे ठेवली, कर्व्यांवर बहिष्कार घातला. पण हरकत होती पुनर्विवाहाला. दोन्ही सुनांना हे नाव विचारून दिले गेले नव्हते, हेही इथे नोंदवले पाहिजे. आज आपल्याला 'आनंदी' म्हटल्यावर पहिली डॉक्टर आठवते ती कोणी पेशवीणबाईंची वकिली केली म्हणून नव्हे. एका नावाच्या आणखी काही बायका जगल्या, शिकल्या, लिहित्या झाल्या, म्हणून.

यावरून कोणतेही नाव निर्धास्तपणे ठेवावे, असा निष्कर्ष मी काढणार नाही. २०१६ मध्ये एका चित्रपट कलावंत दांपत्याने मुलाचे नाव तैमूर ठेवले तेव्हा जो गदारोळ झाला, तो आपल्याला आठवत असेल. या शब्दाचा मूळ अर्थ लोखंड. उझबेकिस्तानात तैमूर राष्ट्रपुरुष आहे; दिल्लीच्या आठवणीत १३९८ची कत्तल आहे. नाव एकच, स्मृती दोन. आणि त्या दोहोंच्या मध्ये एक तान्हे मूल, ज्याला यातले काहीच ठाऊक नाही. मोठ्यांच्या वादात तान्ह्या मुलावर तोंडसुख घेणाऱ्यांचा मला संताप आला, आणि आजही येतो. पण नाव आईबाप ठेवतात आणि भोगते मूल, हे अण्णांचे म्हणणे त्या प्रसंगाने खरे ठरवले, हेही नाकारता येत नाही.

मग सीमा कुठे आखायची? मला दोन प्रश्न उपयोगाचे वाटतात. त्या नावाचे दुसरे कोणी धनी आहेत का? आणि ज्यांना त्या नावाने जखम झाली, ते ती हाक ऐकण्याच्या अंतरावर आहेत का? घाशीराम हे नाव मराठी घरात ठेवताना हात थबकतो, कारण १७९१ मध्ये पुणेकरांच्या रोषाला बळी पडलेला कोतवाल आणि १९७२चे तेंडुलकरांचे नाटक यांखेरीज त्या नावाचा दुसरा धनी आपल्या आठवणीत नाही. त्याला एकटे मूल कसे पुरे पडणार? आनंदीला मात्र सोबत आहे, आणि तिच्या नावाने दुखावले जाईल असे आज कोणी नाही.

बारसे झाले. मी कानात 'आनंदी' म्हटले, पाठीवर धपाटे खाल्ले. अण्णा आले होते, मुलीला आशीर्वाद दिला, पण कितीतरी महिने ते तिला 'छकुली' म्हणत राहिले. त्यांना कोणी टोकले नाही, आणि ते योग्यच झाले.

मुलीला आपण इतिहासाचे डाग धुवायला जन्माला घालत नाही. ते काम तिच्यावर सोपवणे म्हणजे दुसऱ्या प्रकारचा अन्यायच. उद्या वर्गात तो धडा येईल आणि मुले वळून पाहतीलही. त्याआधी ती गोष्ट तिला घरातच कळली पाहिजे, आणि ती पूर्ण कळली पाहिजे : धरावे आणि मारावे, रामशास्त्री आणि रघुनाथराव, कल्याणची यमुना आणि हिंगण्याच्या बाया. शिकवणे हा आमचा व्यवसाय. निदान एवढा धडा तरी आम्हाला नीट शिकवता यायला हवा.