मत नसलेल्याचे मत

२००४ साली आम्हाला जगात कुठेही मत नव्हते. अमेरिकेत आम्ही कामाच्या व्हिसावर होतो, तेव्हा तिथे ते असण्याचा प्रश्नच नव्हता. आणि परदेशी वास्तव्य करणाऱ्या भारतीय नागरिकाचे नाव मतदारयादीत ठेवण्याची सोय आपल्या कायद्याने २०१० च्या दुरुस्तीपर्यंत केलेली नव्हती. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये लोकसभेची निवडणूक झाली, साऱ्या देशाने प्रथमच यंत्रावर मतदान केले, सरकार बदलले. ते सगळे आम्ही ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात रात्री जागून संगणकाच्या पडद्यावर वाचले. ऑक्टोबरात महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली आणि नोव्हेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षाची. तिन्हींबद्दलची आमची मते मात्र अत्यंत जहाल होती. मत नसले की मते वाढतात की काय, कोण जाणे.

अमेरिकेच्या निवडणुकीत ओहायोचे महत्त्व काय ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. तिथला अध्यक्ष जनतेच्या एकूण मतांवर ठरत नाही. प्रत्येक राज्याचे निर्वाचक ठरलेले असतात, एकूण ५३८, आणि ज्याला २७० मिळतील तो जिंकला. बहुतेक राज्यांचा कौल आधीच ठाऊक असतो, म्हणून तिकडे कोणी फिरकत नाही. उरतात ती कुंपणावरची दहा-बारा राज्ये. ओहायोचे तेव्हा २० निर्वाचक होते, आणि रिपब्लिकन पक्षाचा एकही उमेदवार ओहायो गमावून आजवर अध्यक्ष झालेला नाही. त्यामुळे त्या शरद ऋतूत पाने गळायला लागली ती जाहिरातींच्या पावसातच. दूरदर्शन संच लावला की जाहिरात, फोन उचलला की ध्वनिमुद्रित आवाज. २८ ऑक्टोबरला केरी ब्रूस स्प्रिंगस्टीनला घेऊन शहरात आले, दुसऱ्या दिवशी बुश आर्नोल्ड श्वार्झनेगरला घेऊन आले. आमच्या गल्लीत तर घरटी एक पाटी अंगणात रोवलेली होती. पाटी नसलेले घर एकच, ते आमचे. आणि तिथे राहणारा माणूस वाटेल त्याला गाठून इराकवर व्याख्यान देत असे.

आमच्या पलीकडच्या घरात एक वृद्ध बाई एकट्या राहत. आम्ही घरात त्यांचा उल्लेख 'आजी' असाच करत असू. वय एकाहत्तर, टेलिफोन कंपनीत ऑपरेटर म्हणून उभी हयात गेलेली, कामगार संघटनेच्या सभासद, कॅथलिक, दिवाणखान्यात जॉन केनेडींची तसबीर. आयुष्यभर डेमोक्रॅटिक पक्षाला मत दिलेले. क्लिंटनला दोनदा, २००० मध्ये गोरला. या माहितीच्या बळावर आम्ही त्यांना आपल्या बाजूचे समजून चाललो होतो. ऑगस्टमध्ये एका सकाळी पाहतो तो त्यांच्या अंगणात बुशची पाटी! आजी स्वतः हातोडीने ती ठोकत होत्या.

त्याच महिन्यात ओहायोतल्या वाहिन्यांवर एक जाहिरात सुरू झाली होती. व्हिएतनामच्या युद्धात केरी नौदलाच्या 'स्विफ्ट बोट' नावाच्या गस्ती नौकांवर अधिकारी होते. त्यांना तिथे सिल्व्हर स्टार, ब्राँझ स्टार आणि जखमींना मिळणारे पर्पल हार्ट तीनदा मिळाले होते. त्या नौकांवरचे काही माजी सैनिक पडद्यावर येऊन सांगत, की केरी खोटे बोलतो. आम्हाला वाटले, आजी त्या जाहिरातीला भुलल्या. एवढ्यावरून बुद्धी फिरायची तर ती ताळ्यावर आणणेही सोपे असावे, अशा समजुतीने आम्ही संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. नौदलाची अधिकृत कागदपत्रे केरींच्या बाजूने आहेत, त्यांच्या स्वतःच्या नौकेवरचे बहुतेक सोबती त्यांच्या बाजूने आहेत, हे सारे आम्ही क्रमवार मांडले. शेवटी हुकमाचे पान टाकावे तसे मॅककेन यांचे नाव घेतले. स्वतः रिपब्लिकन, स्वतः व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षे युद्धकैदी राहिलेले. त्यांनीही त्या जाहिरातीचा निषेध केला होता.

आजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. म्हणाल्या, "मॅककेन खरे बोलतो. पदके त्याने मिळवली असतीलच. मी पदकांविषयी बोलतच नाहीये. मी एप्रिलविषयी बोलते आहे."

कोणता एप्रिल? १९७१ चा. युद्धावरून परतलेला सत्तावीस वर्षांचा केरी २२ एप्रिलला सिनेटच्या परराष्ट्र समितीपुढे बसला. त्याआधी डेट्रॉइटमध्ये जमलेल्या माजी सैनिकांनी आपण आणि आपल्या सोबत्यांनी व्हिएतनामी माणसांवर काय काय अत्याचार केले ते सांगितले होते. ते त्याने समितीला ऐकवले आणि हे युद्ध थांबवा म्हणून मागणी केली. दुसऱ्या दिवशी शेकडो माजी सैनिकांनी आपली पदके कॅपिटॉलसमोर फेकली. केरीने आपल्या फिती फेकल्या. आजींचा धाकटा भाऊ मे १९६८ मध्ये व्हिएतनामात गेला होता. त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. आई लवकर गेल्यामुळे आजींनीच वाढवलेला. सक्तीच्या भरतीत नाव निघाले, आणि वर्षाच्या आत घरी पेटी आली. त्या एप्रिलमध्ये या गोष्टीला तीन वर्षेही झाली नव्हती. वॉशिंग्टनच्या काळ्या दगडी भिंतीवर अठ्ठावन्न हजारांहून अधिक नावे आहेत, त्यांत एक त्याचे.

"मग क्लिंटन?" आम्ही विचारले. वादात हरायची आम्हाला सवय नाही. "तो तर युद्धावर जाणे टाळून बसला होता. त्याला तुम्ही दोनदा मत दिलेत!"

"तो गेला नाही. भित्रा म्हणा हवे तर. तेव्हा हुशार पोरे नव्हतीच जात. हा गेला, परत आला, आणि जे परत येणार नव्हते त्यांच्याविषयी असे बोलला."

आज इतक्या वर्षांनी हे वाक्य लिहिताना वाटते, की त्या साऱ्या प्रचारात आमच्या कानावर पडलेला हा सर्वांत सुसंगत युक्तिवाद होता. त्याचा निष्कर्ष आम्हाला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. युद्ध चुकीचे होते, आणि ते चुकीचे आहे हे तिथे लढून आलेल्याने सांगण्याला जी किंमत आहे ती दुसऱ्या कोणी सांगण्याला नाही. पण वृत्तपत्रांतले पंडित ज्याला 'मुद्दे' म्हणत होते, इराक, करकपात, नोकऱ्या, त्यांपैकी एकाचाही या मताशी संबंध नव्हता. ती जाहिरात नसती तरी हे मत असेच पडले असते. जाहिरात करणाऱ्यांनी फक्त खपली काढली. जखम छत्तीस वर्षांची होती.

इथे थांबायला हवे होते. आम्ही थांबलो नाही. आजी म्हणाल्या होत्या, "माझ्या भावाची पत्रे आहेत माझ्याकडे. त्यांत असले काही नाही." आणि आम्ही म्हणालो, "असल्या गोष्टी कोणी बहिणीला पत्रात लिहीत नाही."

तर्काच्या दृष्टीने वाक्यात खोट नव्हती. आजी उठल्या, दूरदर्शन संच बंद केला आणि दार उघडून उभ्या राहिल्या. त्यानंतर दोन महिने त्यांनी आमच्याकडे पाहिले नाही. सकाळी वर्तमानपत्र उचलताना समोरासमोर आलो तर त्या नजर वळवून आत जात. घरात आम्हाला विचारले गेले, "बुशला एक मत कमी पडले का?" आम्ही निरुत्तर.

१३ ऑक्टोबर २००४ ही तारीख आमच्या लक्षात आहे ती दोन कारणांनी. त्या दिवशी महाराष्ट्रात मतदान झाले आणि त्याच रात्री बुश-केरी यांचा तिसरा आणि शेवटचा वादविवाद झाला. वादविवादाआधी घरी फोन केला. वडील मतदान करून कधीच परतले होते. बोटाची शाई अजून गेली नाही, वगैरे सांगून झाले. काँग्रेसचा स्थानिक उमेदवार, त्यांच्याच तोंडून, 'सज्जन माणूस' होता; त्याच्यामुळे आमच्या आळीत नळाला रोज पाणी येऊ लागले होते. "मग त्याला दिलेत?" आम्ही विचारले. "छे," वडील म्हणाले, "ते कसे शक्य आहे?" आणि विषय बदलला.

कसे शक्य नाही, ते आम्हाला लहानपणापासून ठाऊक होते. आणीबाणीत आमच्या काकांना 'मिसा'खाली एकोणीस महिने येरवड्याच्या तुरुंगात ठेवले होते. ते सुटून आले ते मधुमेह घेऊन, आणि फार जगले नाहीत. १९७७ पासून वडिलांनी त्या पक्षाला मत दिले नाही. उमेदवार कोण, त्याने काय केले, आणीबाणीच्या वेळी तो शाळेत होता की पाळण्यात, याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. आम्ही कॉलेजात असताना त्यांच्याशी अनेक विषयांवर भांडलो, पण या एका मतावर कधी कागदपत्रे घेऊन त्यांच्यासमोर बसलो नाही. बसावेसेही वाटले नाही. ते मत घरातल्या देवासारखे होते. त्याला कोणी पुरावा मागत नाही.

रात्री वादविवाद पाहिला, पण कोण काय म्हणाले ते फारसे डोक्यात शिरले नाही. दुसऱ्या दिवशी आजींचे दार वाजवावे असे ठरवले आणि वाजवले नाही. माफी मागताना आपण पुन्हा युक्तिवाद करू अशी भीती वाटली.

२ नोव्हेंबरला सकाळपासून पाऊस होता. नऊच्या सुमाराला दार वाजले. रेनकोट घातलेल्या आजी बाहेर उभ्या. त्यांना घेऊन जाणारी मैत्रीण आजारी पडली होती. "मला मतदानाला सोडशील का?" एवढेच म्हणाल्या. आम्ही गाडीची किल्ली आणि मोठी छत्री घेतली.

मतदान एका चर्चच्या सभागृहात होते आणि रांग इमारतीला वळसा घालून पदपथावर आली होती. शहरात अनेक केंद्रांवर त्या दिवशी यंत्रे कमी पडली, लोक तासन् तास तिष्ठत राहिले. त्यावरून पुढे बरेच वादंग माजले. एकाच दिवशी वीस-बावीस निकाल देणारी लांबलचक मतपत्रिका आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी यंत्रे. आम्हाला मराठी शाळेतले मतदान केंद्र आठवले. तिथे बाकी काही नसले तरी रांग सरकते. आजींना एकटे उभे करणे शक्य नव्हते. आम्ही छत्री धरून शेजारी उभे राहिलो. बोलणे झाले ते पावसाचे, आणि त्यांच्या गुडघ्याचे.

आमच्या पुढे केरीचा बिल्ला लावलेला एक विद्यार्थी होता. दीड तासाने तो घड्याळ पाहू लागला. बाराला त्याची कामाची पाळी होती. तो रांगेतून निघणार तोच आजींनी त्याची बाही धरली. "कुठे चाललास? इतका वेळ उभा राहिलास ना? कामावर फोन कर. सांग, रांगेत आहे." आणि पिशवीतले सँडविच मोडून अर्धे त्याच्या हातावर ठेवले. तो मुलगा थांबला. त्याचे मत कुठे जाणार ते त्याच्या छातीवर लिहिलेले होते.

ओहायोत मतदान केंद्रापासून शंभर फुटांवर दोन छोटे झेंडे रोवतात. त्यांच्या आत प्रचाराला आणि रेंगाळण्याला मनाई असते. रांग तिथवर पोचली तेव्हा त्या मुलाने बिल्ला काढून खिशात टाकला. तिथली कार्यकर्ती आम्हाला म्हणाली, "तुम्ही मतदार आहात?" नाही म्हटल्यावर तिने सौम्यपणे झेंड्यांच्या पलीकडे थांबायला सांगितले. आम्ही छत्री आजींच्या हाती दिली आणि मागे सरलो. तिथून त्या आत जाईपर्यंत आणखी सव्वा तास गेला. भिजत उभे राहून आम्ही आमची छत्री बुशच्या मताच्या डोक्यावर धरलेली पाहत होतो. बाहेर आल्यावर आम्ही सवयीने त्यांच्या बोटाकडे पाहिले. बोट कोरे होते. शाई नसलेले मतदान आम्हाला आजही अपुरे वाटते.

ओहायोत बुश सुमारे एक लाख अठरा हजार मतांनी जिंकले आणि त्या वीस निर्वाचकांवर अध्यक्षपद गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी केरींनी बॉस्टनमध्ये पराभव मान्य केला. आम्ही ते भाषण फार कडवट मनाने पाहिले. संध्याकाळी आजी आल्या. हातात वाळवून, नीट गुंडाळून, बंद लावलेली छत्री.

"बरा बोलला," त्या म्हणाल्या. "कोर्टात नेले नाही ते चांगले केले." मग दारातच क्षणभर थांबून म्हणाल्या, "तू म्हणालास ते बरोबर असेल. नसेल लिहिले त्याने मला. पण ते तू म्हणायचे नव्हते."

आम्ही हो म्हणालो. त्यानंतर त्या आत आल्या आणि चहा घेतला.

२००६ मध्ये आम्ही नोकरीमुळे न्यू जर्सीला गेलो. २००८ च्या नोव्हेंबरात त्यांना फोन केला. त्या वेळी ओहायो ओबामांकडे गेले होते; समोर उभे होते मॅककेन, तेव्हा आजींचे मत कुणाला, हे आम्ही गृहीतच धरले होते आणि तसे बोलूनही दाखवले. पलीकडून हसण्याचा आवाज आला. बँका बुडत होत्या, त्यांचे निवृत्तिवेतन शेअर बाजारात अडकले होते, पुतण्याची नोकरी गेली होती, हे सगळे त्यांनी सविस्तर सांगितले. "म्हणजे ओबामांना?" आम्ही विचारले.

"तुला अजून मत नाही ना?" आजी म्हणाल्या. "मग झेंड्यांच्या पलीकडे थांब."

त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. आम्हाला नागरिकत्व मिळून पहिले मत देता आले ते २०१६ मध्ये. तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती.