शुद्धीकरण केंद्राच्या अलीकडे

मैलापाणी शुद्धीकरण केंद्र मी आतून पाहिलंय. जाळ्या चिंध्या-प्लास्टिक अडवतात, पुढच्या टाकीत वाळू खाली बसते, मग हवा सोडलेल्या टाकीत जिवाणू घाण खातात. सगळं यंत्रावर. पण केंद्रापर्यंत येणारं गटार तुंबलं की आत माणूस उतरवतात, आणि त्याची जात विचारावी लागत नाही. संरक्षक साधनांशिवाय असं उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारमृत्यूची भरपाई १० वरून ३० लाख केली. पण भरपाई मेल्यावर मिळते. आपल्याला माणूस जिवंत हवा. म्हणून मित्रांनो, आपल्या नगरपालिकेला माहिती अधिकारात विचारा: केंद्रावर खर्च किती, आणि गटार साफ करणारी यंत्रं किती? जय भीम!